ठिपक्यांवरून ओळखायचा रंग

प्रकाशात कोणकोणत्या तरंगलांबी मिसळल्या आहेत हे स्पेक्ट्रोमीटर सांगतो. त्यात सहसा बारीक रेघांची जाळी रंग फाकवते. अगदी जवळजवळचे रंग वेगळे करायचे तर ते फाकायला अंतर द्यावं लागतं. त्यामुळे अचूक यंत्र टेबलभर पसरतं आणि महागही पडतं.

अमेरिकेतल्या येल विद्यापीठात हुई काव यांच्या गटाने रंग फाकवण्याचा नादच सोडला. २०१२ पासून त्यांनी दाखवून दिलं की, जाड गाभ्याचा साधा मल्टिमोड फायबर (प्रकाश वाहून नेणारा काचेचा तंतू) आणि एक कॅमेरा एवढ्यावर काम भागतं. असा १०५ मायक्रॉनचा गाभा त्यांनी वापरला. त्यात प्रकाश असंख्य वाटांनी जातो. प्रत्येक वाटेची लांबी जराशी वेगळी, म्हणून दुसऱ्या टोकाला लाटा एकमेकींना कुठे वाढवतात, कुठे मारतात, आणि काळ्या-उजळ ठिपक्यांची नक्षी उमटते. तरंगलांबी किंचित बदलली की नक्षीही बदलते. प्रत्येक तरंगलांबीचा जणू स्वतःचा अंगठ्याचा ठसा! संदेशवहनात अनेक वाटांचा हा गोंधळ डोकेदुखी ठरतो. इथे त्याच्याच जिवावर सगळं चालतं.

आधी ज्ञात तरंगलांबीचा लेझर सोडून एकेक नक्षी टिपून ठेवायची. मग अनोळखी प्रकाशाची नक्षी कोणत्या नोंदींच्या बेरजेतून बनली असेल, हे संगणक शोधतो. तंतू जितका लांब, तितका फरक बारीक. १०० मीटर तंतूने १५०० नॅनोमीटरच्या आसपास एका पिकोमीटरचा, म्हणजे नॅनोमीटरच्या हजाराव्या भागाचा फरक ओळखला. उलट अवघ्या ४ सेंटिमीटरच्या तुकड्याने ४०० ते ७५० नॅनोमीटरचा दृश्य पट्टा एका नॅनोमीटरच्या बारकाईने वाचला. तंतू रिळावर गुंडाळता येतो, त्यामुळे लांबी वाढवली तरी फारशी जागा अडत नाही.

स्वस्ताईबद्दल मात्र जरा जपून बोलावं. तंतू स्वस्त आहे, दृश्य प्रकाशाचे कॅमेरेही स्वस्त आहेत. पण १५०० नॅनोमीटरला चालणारा कॅमेरा खिसा रिकामा करतो. नोंदी घ्यायला लागणारा लेझर वेगळाच. त्यात खोलीचं तापमान बदललं किंवा तंतू जरा हलला, तर नक्षी सरकते आणि आधीच्या नोंदी रद्दीत जातात. तंतू घट्ट बसवावा लागतो, तापमान सांभाळावं लागतं.

दुसरी अडचण प्रकाशाच्या प्रकाराची. मोजक्या तरंगलांबी असल्या की ठिपके ठसठशीत दिसतात. विस्तृत पट्ट्याचा प्रकाश सोडला की असंख्य नक्ष्या एकावर एक बसून सगळं पुसट होतं, उकल चुकते. म्हणून लेझरची तरंगलांबी तपासायला ही युक्ती उत्तम; बल्बच्या सलग उजेडासाठी जुनी जाळीच बरी.