भिगवणचे रोहित (फ्लेमिंगो) सैबेरियातून येतात?

‘उजनीच्या पाण्यावर हजारो मैलांवरून सैबेरियातले रोहित आले!’ हा मेसेज दर हिवाळ्यात फिरतो. थापट्यासारखी काही बदकं खरोखरच उत्तरेकडून येतात, त्यामुळे तो पटतोही. पण सैबेरियात रोहितांची वीण होतच नाही. त्यांची सर्वात उत्तरेची नैसर्गिक वसाहत कझाकस्तानात आहे आणि आपल्या देशातलं मोठं माहेर कच्छचं रण. तिथे उथळ खाऱ्या पाण्यात ते चिखलाची बुटकी, वर खोलगट घरटी रचतात.

पडताळायचं कसं? पक्षी-पुस्तकात रोहिताच्या विणीचा नकाशा उघडा. भीमेवरच्या उजनी धरणामुळे भिगवणजवळ तयार झालेल्या या पाणथळीवर कुंभारगावहून नावेतून जा, मात्र थव्यापासून लांबच थांबा. गुलाबी पक्ष्यांत करडी-तपकिरी पिल्लं दिसली, तर ती अजून रंग न चढलेली रोहितंच.