हलत्या कॅमेऱ्यातला पळस

फेब्रुवारी-मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातल्या यावल आणि पाल या गावांच्या बाजूला सातपुड्यात पळस फुलतो. त्याचे नेटके, रेखीव फोटो भरपूर निघतात. मला मात्र शटर उघडं असतानाच कॅमेरा मुद्दाम फिरवून काढलेला पळस जास्त खरा वाटतो. त्यात झाड उरत नाही, नुसता केशरी रंग धावत असतो.

यामागचं विज्ञान सरळ आहे. शटर उघडं असेपर्यंत सेन्सरचा प्रत्येक पिक्सेल प्रकाश साठवत राहतो. कॅमेरा फिरला की त्याच पिक्सेलवर एकामागून एक अनेक जागांचा प्रकाश पडतो आणि शेवटी नोंदते ती त्यांची सरासरी. ही सरासरी फक्त हालचालीच्या दिशेने होते. म्हणून सागाच्या रानात कॅमेरा वरून खाली फिरवला तर सालीच्या भेगा, पानं, गाठी पुसल्या जातात, पण खोडांच्या उभ्या कडा टिकतात. आडवा फिरवला तर खोडंच नाहीशी होतात. तापीच्या पात्राला आडवी दिशा मानवते. पाणी, वाळू, काठ सगळं तिथे आडवंच पसरलेलं असतं.

पळसाच्या बाबतीत मागे काय आहे ते आधी बघावं. केशरी आणि निळा प्रकाश मिसळला की दोन्ही फिके पडून करडेपणा येतो. मोकळ्या आभाळासमोरचा पळस त्यामुळे मळकट दिसतो. सावलीतला डोंगर मागे घेतला तर केशरी थोडा गडद होतो, पण केशरीच राहतो.

खानदेशातल्या भर उन्हात आयएसओ १०० (सेन्सरची संवेदनशीलता कमी) आणि एफ/१६ (लेन्सचं छिद्र बारीक) ठेवूनही शटर सुमारे १/१०० सेकंदाचं लागतं. हात फिरवायला तेवढा वेळ पुरत नाही, १/४ सेकंद तरी हवा. त्यासाठी प्रकाश ३२ पट कमी करणारा एनडी फिल्टर लावा, नाहीतर दिवस मावळायची वाट बघा. हात आधीपासून फिरता ठेवून मग बटण दाबायचं. कॅमेरा जिथे रेंगाळतो तिथला ठसा जास्त गडद उमटतो. स्टॅबिलायझेशन, म्हणजे कॅमेऱ्याचं हलणं सावरून घेणारी सोय, तीही बंद हवी.

कॅमेरा जागच्या जागी फिरवला की जवळचं-दूरचं सारखंच पुसलं जातं. कॅमेराच पुढे सरकला तर गंमत वेगळी. भुसावळहून रावेरकडे जाणारी गाडी ताशी ६० किलोमीटरने धावत असेल, तर १/१० सेकंदात ती सुमारे १.७ मीटर पुढे जाते. ५० मिलिमीटरची लेन्स आणि २४ मेगापिक्सेलचा फुल-फ्रेम (३६ × २४ मिलिमीटरचा) सेन्सर धरला, तर १० मीटरवरची केळी फोटोत जवळजवळ १,४०० पिक्सेल फरफटते. १५ किलोमीटरवरचा डोंगर जेमतेम एक पिक्सेल सरकतो. एकाच चौकटीत खाली हिरवा झोत आणि वर सातपुड्याची स्वच्छ कड! जाताना डावीकडची खिडकी धरा. कॅमेरा मात्र खिडकीच्या गजाला टेकवू नका, डब्याची थरथर डोंगरातही उतरते.