दाणा भरणे (गहू)

गव्हाच्या ओंबीत फुलोरा येऊन फलन झाल्यापासून दाण्याचे सुके वजन वाढायचे थांबेपर्यंतची अवस्था. ठाण्यात किंवा नवी मुंबईत ‘गहू भरायचा आहे’ म्हटले की एप्रिल-मे मधली वर्षाची बेगमी, उन्हात पसरलेले धान्य आणि पत्र्याच्या कोठ्या डोळ्यांपुढे येतात. तो अर्थ इथे नाही. ठाणे जिल्हा भाताचा. खाण्याचा गहू बाहेरून, बराचसा वाशीच्या बाजार समितीतल्या धान्य बाजारातून येतो. दाणा कसा भरला याचा निवाडा मात्र तिथे रोज होतो. पोत्यात टोकदार नळी खुपसून वानगी काढायची, तळहातावर पसरून अंगठ्याने फिरवायची, एखादा दाणा दाताखाली फोडायचा. दाणा टपोरा आणि पोटावरची खाच उथळ असली की भाव चढतो. अंग सुरकुतलेले आणि खाच खोल गेलेली दिसली की उतरतो. व्यापाऱ्याला एवढे पुरते. वाण तयार करणाऱ्या पैदासकाराला पुरत नाही, कारण सारख्या वजनाचे दोन दाणे तिथवर निरनिराळ्या वाटांनी आलेले असू शकतात.

फलनानंतरचे साधारण पहिले दोन आठवडे वजन फारसे वाढत नाही. या काळात दाण्याच्या गाभ्यातल्या पेशींची संख्या ठरते, म्हणजे एका अर्थी पोत्याचे माप ठरते. मग चीक भरू लागतो. शेतातला हा चीक आणि कुरडयांसाठी तीन दिवस भिजवलेला गहू वाटून, पिळून, पातेल्याच्या तळाशी बसतो तो चीक, दोन्हींत मुख्य माल एकच, स्टार्च. पक्व दाण्याच्या सुक्या वजनात त्याचा वाटा साधारण 60 ते 70 टक्के असतो. म्हणूनच पोचट गहू भिजवला की कोंडा फार निघतो आणि चीक थोडा. या मधल्या टप्प्यात वजन जवळपास सरळ रेषेत वाढते. झेंडा पान (ओंबीखालचे सर्वांत वरचे पान), ओंबी आणि कुसळे ताजे अन्न पुरवतात. ती सुकू लागली की खोडातला साखरेचा साठा कामी येतो. शेवटी वाढ मंदावते आणि दाण्यातला ओलावा साधारण 40 टक्क्यांच्या आसपास उतरला की भरणे थांबते. पुढे फक्त वाळणे उरते.

मोजणी कष्टाची आहे. ज्या दिवशी ओंबी फुलते त्या दिवशी तिला रंगीत दोरा बांधतात, दर तीन-चार दिवसांनी काही ओंब्या खुडतात, दाणे सोलून भट्टीत वजन स्थिर होईपर्यंत वाळवतात आणि तोलतात. दाणे कुठले घेतले यालाही महत्त्व आहे. ओंबी कणिशकांची, म्हणजे छोट्या झुबक्यांची बनलेली असते आणि प्रत्येक झुबक्यात काही पुष्पके, म्हणजे बारीक फुले असतात. ओंबीच्या मधल्या कणिशकांतले तळचे दाणे मोठे, टोकाचे आणि वरच्या पुष्पकांतले लहान. सगळे एकत्र तोलले तर जास्त दाणे धरणारा वाण उगाच हलका ठरतो. खुडलेली ओंबी परत मोजता येत नाही, त्यामुळे 200 वाण, दोन आवृत्त्या (प्रत्येक वाण दोन वेगळ्या वाफ्यांत) आणि आठ तारखा एवढ्यानेच 3200 नमुने होतात. वाण एकाच दिवशी फुलत नाहीत हा आणखी एक ताप.

म्हणून थोड्या नोंदींवरून वक्र बसवतात. इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखा वळणारा लॉजिस्टिक वक्र सर्वांत प्रचलित आहे. त्यातून भरण्याचा वेग, कालावधी आणि अंतिम वजन हाती येते. समजा एक वाण रोज सरासरी 1.2 मिलिग्रॅम दराने 35 दिवस भरतो आणि दुसरा 1.5 मिलिग्रॅमने 28 दिवस. दोघांचा दाणा 42 मिलिग्रॅमचा, हजार दाण्यांचे वजन 42 ग्रॅम. वाशीच्या तळहाताला दोघांत फरक दिसणार नाही.

फरक मार्चमध्ये दिसतो. कालावधी दिवसांऐवजी अंश-दिवसांत, म्हणजे रोजच्या सरासरी तापमानाची बेरीज करून मोजणे अधिक योग्य. शून्य अंश पाया धरून, म्हणजे त्याखाली वाढ होत नाही असे मानून, 700 अंश-दिवस लागत असतील, तर 20 अंश सेल्सिअसला 35 दिवस मिळतात आणि 25 अंशांना 28. उष्णतेत वेग थोडा वाढतो, पण गेलेले दिवस भरून निघत नाहीत. त्यातच स्टार्च घडवणारी विकरे (एन्झाइम) उष्णतेला हळवी. 2022 चा मार्च देशात 1901 पासूनचा सर्वांत उष्ण मार्च ठरला. 13 मे रोजी गव्हाच्या निर्यातीवर बंदी आली आणि पंजाब-हरियाणातल्या सरकारी खरेदीत सुरकुतलेल्या व तुटक्या दाण्यांची मर्यादा 6 वरून 18 टक्क्यांवर न्यावी लागली.

सेरेस-व्हीट या, गव्हाची वाढ संगणकावर आकडेमोडीने मांडणाऱ्या प्रतिमानात प्रत्येक वाणासाठी भरण्याचा कालावधी अंश-दिवसांत आणि दाण्याचे प्रमाण वजन मिलिग्रॅममध्ये द्यावे लागते. नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत तयार झालेले ‘इन्फोक्रॉप’ही याच कुळातले. अशी प्रतिमाने शेताचा अंदाज बरा देतात. पैदाशीत मात्र जनुकांमुळे पडणारा लहानसा फरक बऱ्याचदा मोजणीच्या चुकीतच बुडून जातो, म्हणून दोरा बांधलेल्या ओंबीला अजून पर्याय नाही.

महाराष्ट्रात गहू उशिरा पेरला की चीक भरण्याचा काळ थेट उन्हात सापडतो. निफाडच्या संशोधन केंद्राचा एनआयएडब्ल्यू 34 हा वाण उशिराच्या पेरणीसाठी शिफारस केलेला आहे. अशा पेरणीत लांब कालावधीपेक्षा वेगाने भरणारा दाणा अधिक भरवशाचा. थंडी टिकणाऱ्या प्रदेशात हाच हिशेब उलटा होतो.