पंचांगामागचे गणित : वेदांगज्योतिषापासून ग्रहलाघवापर्यंत

सूर्य आणि चंद्र यांच्यातील अंतर १२ अंशांनी वाढले की एक तिथी पूर्ण होते. व्याख्या एवढीच आहे. पण चंद्राची गती रोज बदलते, सूर्याचीही थोडी बदलते, आणि म्हणून तिथी कधी सुमारे २० तासांत संपते, तर कधी जवळजवळ २७ तास चालते. उद्याच्या सूर्योदयाला कोणती तिथी असेल आणि ती किती वाजता संपेल, हे सांगायचे तर चंद्रसूर्यांची त्या क्षणाची खरी स्थाने काढावी लागतात. भारतातील प्राचीन गणिताचा मोठा भाग या गरजेतून वाढला. ज्यांना आपण आज गणिती म्हणून ओळखतो ते आर्यभट, ब्रह्मगुप्त आणि भास्कराचार्य हे तिघेही ज्योतिषी, म्हणजे खगोलगणिती होते, आणि त्यांचे गणित ग्रहगणिताच्या ग्रंथांत किंवा त्यांच्या जोडीने आलेले आहे. ही पार्श्वभूमी सोडून शून्य, ‘ज्या’ (त्रिकोणमितीतील साइन) किंवा अनंत श्रेढी (न संपणाऱ्या बेरजा) यांचा स्वतंत्रपणे गौरव केला, तर त्यांचे खरे प्रयोजन हरवते.

या विषयावरचा उपलब्ध सर्वांत जुना भारतीय ग्रंथ म्हणजे लगधाच्या नावे असलेले वेदांगज्योतिष. यज्ञांचे काळ ठरवणे हा त्याचा हेतू होता. त्यात ५ वर्षांचे एक युग मानले असून त्या युगात १८३० दिवस आणि ६२ चांद्रमास धरले आहेत. आजच्या मानाने ६२ चांद्रमासांचे दिवस १८३१ ला किंचित कमी भरतात, म्हणजे चंद्राचा हिशेब बराच नेमका होता. वर्ष मात्र ३६६ दिवसांचे धरल्यामुळे सूर्याच्या बाबतीत एका युगात जवळजवळ ४ दिवसांची चूक होत असे. उत्तरायणाचा आरंभ धनिष्ठा नक्षत्राच्या आरंभी सांगितला आहे, आणि त्यावरून त्या निरीक्षणाचा काळ इसवी सनापूर्वी बारा ते चौदा शतकांच्या आसपास येतो. ग्रंथाची भाषा मात्र त्याहून बरीच नंतरची वाटते, त्यामुळे निरीक्षणाचा काळ हाच रचनेचा काळ मानता येत नाही. या ग्रंथातील सारे गणित त्रैराशिकावर चालते. सूर्य आणि चंद्र एकसारख्या गतीने फिरतात असेच तेथे गृहीत धरले आहे.

यज्ञाच्या दुसऱ्या गरजेतून, म्हणजे वेदी रचण्यातून, शुल्बसूत्रे निर्माण झाली. आयताच्या कर्णावरचा चौरस त्याच्या दोन बाजूंवरच्या चौरसांच्या बेरजेइतका असतो, हा नियम बौधायनाने स्पष्ट शब्दांत दिला आहे, आणि २ च्या वर्गमूळासाठी दिलेली रीत १.४१४२१५ पर्यंत पोहोचते, जी पाचव्या दशांश स्थळापर्यंत बरोबर आहे. या भूमितीचा पुढच्या ग्रहगणिताशी थेट धागा दाखवणे अवघड आहे. पण दोरीने मोजणाऱ्या माणसांना अचूकतेची किती आस होती, ते तिच्यातून दिसते.

ग्रहांच्या असमान गतीचा विचार त्यानंतरच्या शतकांत आला, आणि तो येण्यात ग्रीक ज्योतिषाचा वाटा होता. ही गोष्ट आपल्या पूर्वसूरींनी लपवली नाही, म्हणून आपणही ती लपवण्याचे कारण नाही. अवंतीच्या वराहमिहिराने सहाव्या शतकात पंचसिद्धांतिका रचली. तिच्यात पैतामह, वासिष्ठ, रोमक, पौलिश आणि सौर अशा पाच सिद्धांतांचे सार असून त्यांपैकी रोमक आणि पौलिश ही नावेच परदेशी संबंध सांगतात. त्याच वराहमिहिराने बृहत्संहितेत उद्धृत केले आहे की, यवन, म्हणजे ग्रीक, म्लेच्छ असले तरी त्यांच्याकडे हे शास्त्र उत्तम रीतीने नांदत असल्यामुळे तेही ऋषींप्रमाणे पूज्य मानले जातात. घेतले त्याचे भारतीय गणित्यांनी पुढे काय केले, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण पुढच्या हजार वर्षांचे मोठे काम त्याच्या उत्तरात आहे.

आर्यभटाचा जन्म इ.स. ४७६ चा. कलियुगाची ३६०० वर्षे संपली तेव्हा, म्हणजे इ.स. ४९९ मध्ये, आपले वय २३ वर्षे होते असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. त्याचे आर्यभटीय अवघ्या १२१ श्लोकांचे आहे आणि त्यांपैकी गणितपादाचे श्लोक ३३ आहेत. ग्रहाचे मध्यम स्थान, म्हणजे सरासरी गतीने येणारे स्थान, त्रैराशिकाने मिळते, पण त्यावरून स्पष्ट, म्हणजे खरे, स्थान काढायचे तर वर्तुळाच्या कंसाशी जुळणारी सरळ रेषा माहीत असावी लागते. ग्रीकांनी त्यासाठी पूर्ण जीवा वापरली होती. भारतीयांनी तिचा अर्धा भाग, म्हणजे ज्यार्ध, घेतला, आणि त्यामुळे आकडेमोड कितीतरी सोपी झाली. आर्यभटाने त्रिज्या ३४३८ कलांची (६० कला म्हणजे १ अंश) धरली आणि पाव वर्तुळाचे प्रत्येकी २२५ कलांचे २४ भाग करून लागोपाठच्या ज्यांमधले फरक एकाच श्लोकात अक्षरसंकेतांनी बसवले. परिघ आणि व्यास यांचे गुणोत्तर त्याने ६२८३२ भागिले २००००, म्हणजे ३.१४१६, असे दिले, आणि हे मूल्य ‘आसन्न’ आहे, म्हणजे सत्याच्या जवळचे आहे, असा शब्द आवर्जून घातला. अशी कबुली देणाऱ्या गणित्याबद्दल मला विशेष आदर वाटतो.

पृथ्वी स्वतःभोवती फिरते, हे आर्यभटाचे प्रतिपादन सर्वांना ऐकून माहीत असते. त्यामागचे आकडे मात्र फारसे सांगितले जात नाहीत. ४३,२०,००० वर्षांच्या महायुगात पृथ्वीची १,५८,२२,३७,५०० आवर्तने होतात असे तो म्हणतो. त्यातून सूर्याच्या ४३,२०,००० प्रदक्षिणा वजा केल्या की १,५७,७९,१७,५०० सावन दिवस, म्हणजे सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंतचे दिवस, उरतात. या दोन आकड्यांवरून पृथ्वीच्या एका आवर्तनाचा काळ २३ तास ५६ मिनिटे ४.१ सेकंद येतो, आणि आजचे मूल्य सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत हेच आहे. नावेतून पुढे जाणाऱ्याला काठावरच्या स्थिर वस्तू मागे सरकताना दिसतात, त्याप्रमाणे लंकेत, म्हणजे विषुववृत्तावर, स्थिर तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात, हा दाखलाही त्याचाच. हे मत रुजले नाही. वराहमिहिर आणि ब्रह्मगुप्त या दोघांनीही त्याचा प्रतिवाद केला, आणि पृथ्वी एका प्राणात, म्हणजे ४ सेकंदांत, एक कला फिरते असे सांगणाऱ्या मूळ वचनातील ‘भूः’ हा शब्द बदलून तेथे तारामंडळ या अर्थाचा ‘भं’ हा पाठ काही परंपरांनी स्वीकारला. मतभेद झाला तरी आकडे मात्र जपले गेले, कारण पंचांगाच्या गणिताला पृथ्वी फिरली काय किंवा आकाश फिरले काय, उत्तर सारखेच येते.

ब्रह्मगुप्त भिल्लमाळचा, म्हणजे आजच्या राजस्थानातील भीनमाळचा. वयाच्या तिसाव्या वर्षी, इ.स. ६२८ मध्ये, त्याने ब्राह्मस्फुटसिद्धांत लिहिला. ग्रहाच्या मध्यम स्थानावर करायचा संस्कार, म्हणजे दुरुस्ती, कधी धन असतो, कधी ऋण, आणि कधी शून्य. या तिन्ही प्रकारच्या संख्यांची बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार कसा करावा याचे नियम त्याने कुट्टकाध्यायात दिले. शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य हे त्याचे विधान चुकीचे ठरले, पण शून्याला इतर संख्यांच्या पंक्तीत बसवून त्याच्यावर क्रिया करण्याचे धैर्य त्याने दाखवले. ९२ ने गुणलेल्या वर्गात १ मिळवल्यावर पुन्हा वर्ग यावा, असे उदाहरण घालून ते वर्षभरात सोडवणाऱ्याला तो गणक म्हणतो. १२० आणि ११५१ हे त्याचे उत्तर. त्याच्या उतारवयातील खंडखाद्यक (इ.स. ६६५) हा करणग्रंथ, म्हणजे रोजच्या आकडेमोडीचे पुस्तक, मला त्याहूनही बोलका वाटतो. त्यात त्रिज्या १५० धरून ज्याफरकांचे सहाच आकडे दिले आहेत : ३९, ३६, ३१, २४, १५ आणि ५. मधल्या कोणत्याही कोनाची ज्या काढताना केवळ त्रैराशिक न वापरता, मागचा आणि पुढचा फरक दोन्ही विचारात घेणारी द्वितीय क्रमाची रीत त्याने सांगितली. सहा आकडे पाठ करून पुरेशी अचूकता मिळवण्याची ही युक्ती होती. आठव्या शतकात हे ज्ञान बगदादला पोहोचले, तेथे सिंदहिंद या नावाने अरबीत आले, आणि अल-ख्वारिझ्मीने आपली ग्रहकोष्टके त्याच परंपरेवर आधारली.

बाराव्या शतकातील भास्कराचार्यांकडे आलो की सह्याद्रीची भूमी जवळ येते. शके १०३६ (इ.स. १११४) मध्ये जन्मलेल्या भास्कराचार्यांनी सह्याद्रीच्या आश्रयाला असलेल्या विज्जडविड या नगराचे नाव दिले आहे, आणि ते नेमके कोणते याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांनी सिद्धांतशिरोमणी पुरा केला. लीलावती आणि बीजगणित हे त्याचे पहिले दोन भाग प्रसिद्धीला आले, पण ग्रहगणित आणि गोलाध्याय हे पुढचे दोन भाग वाचल्याशिवाय त्यांची उंची कळत नाही. आज आणि उद्याच्या चंद्रस्थानांमधील फरक ही चंद्राची दैनिक गती झाली. पण चंद्राची गती दिवसाच्या आतही बदलत असल्यामुळे तिथीचा अंत काढताना ही स्थूल गती पुरत नाही, तेथे त्या क्षणाची, ‘तात्कालिक’ गती घ्यावी, असे ते सांगतात. ती काढण्यासाठी कोनाच्या अल्प वाढीबरोबर ज्या किती वाढते हे कोटिज्येवर (कोसाइनवर) अवलंबून असते, असा नियम त्यांनी दिला. तिथी किती वाजता संपते, या घरगुती वाटणाऱ्या प्रश्नाने त्यांना पुढे कलनशास्त्र (कॅल्क्युलस) म्हणून ओळखल्या गेलेल्या विषयाच्या उंबरठ्यापर्यंत आणले.

त्यांची विद्या घराण्यात टिकली याचा पुरावा चाळीसगावजवळच्या पाटण येथील देवळात कोरलेला आहे. भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर याला यादव राजा जैत्रपालाने बोलावून घेतले, आणि नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी होता. चांगदेवाने आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून मठ स्थापला आणि निकुंभ घराण्यातील सोइदेवाने शके ११२८ मध्ये त्याला दान दिले. हा शिलालेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. एखाद्या गणित्याच्या पुस्तकांच्या अध्यापनासाठी दिलेले आणि दगडावर नोंदलेले दान फार क्वचित आढळते.

दक्षिणेकडे केरळात याच प्रश्नांनी वेगळे वळण घेतले. परमेश्वराने पंचावन्न वर्षे ग्रहणे पाहून जुने आकडे दुरुस्त केले आणि इ.स. १४३१ मध्ये दृग्गणित रचले. त्याच्याही आधी, चौदाव्या शतकात, संगमग्रामच्या माधवाने ज्या आणि परिघ यांच्यासाठी न संपणाऱ्या श्रेढी शोधल्या होत्या; त्याच्या नावावर सांगितलेले परिघाचे मूल्य अकरा दशांश स्थळांपर्यंत बरोबर येते. ज्येष्ठदेवाने सोळाव्या शतकात युक्तिभाषेत या श्रेढींच्या उपपत्ती, म्हणजे सिद्धता, मल्याळम भाषेत सविस्तर लिहिल्या. ‘भारतीय गणितात केवळ सूत्रे आहेत, सिद्धता नाहीत’ हा आक्षेप युक्तिभाषा वाचल्यावर टिकत नाही.

महाराष्ट्रातील पंचांगांवर मात्र ठसा उमटला तो गणेश दैवज्ञांचा. कोकणातील नांदगावचे केशव दैवज्ञ ग्रह प्रत्यक्ष पाहून ग्रंथांशी ताडणारे होते. त्यांच्या मुलाने शके १४४२ (इ.स. १५२०) मध्ये ग्रहलाघव लिहिले आणि त्यात ज्या वापरल्याच नाहीत, सारे संस्कार साध्या गुणाकार-भागाकारांत बसवले. युगारंभापासूनचे अवाढव्य अहर्गण, म्हणजे लोटलेल्या दिवसांची संख्या, टाळण्यासाठी त्यांनी ११ वर्षांचे, ४०१६ दिवसांचे चक्र घेतले, ज्यात जवळजवळ नेमके १३६ चांद्रमास बसतात. कोणत्या ग्रहासाठी कोणता जुना सिद्धांत आकाशाशी जुळतो हेही त्यांनी एका श्लोकात सांगितले : सूर्य सौरपक्षाचा (म्हणजे सूर्यसिद्धांताच्या परंपरेचा; आर्यपक्ष ही आर्यभटाची आणि ब्राह्मपक्ष ही ब्रह्मगुप्ताची परंपरा), चंद्र त्याच पक्षाचा पण ९ कला कमी, गुरू, मंगळ आणि राहू आर्यपक्षाचे, शनी आर्यपक्षाचा पण ५ अंश अधिक, बुधाचे केंद्र (संस्कार काढण्यासाठी लागणारा कोन) ब्राह्मपक्षाचे, आणि शुक्राचे केंद्र आर्य आणि ब्राह्म या दोन पक्षांच्या मध्यावरचे. पक्षाभिमानापेक्षा दृक्प्रत्यय, म्हणजे डोळ्यांना दिसणारे आकाश, मोठे मानण्याचे याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

ग्रहलाघव इतके सोयीचे ठरले की पुढे तीनशेहून अधिक वर्षे ज्योतिषी तेच वापरत राहिले, आणि गणेश दैवज्ञांनी स्वतः केले ते काम, म्हणजे आकडे पुन्हा आकाशाशी ताडणे, मागे पडले. सूर्यसिद्धांताचे वर्ष खऱ्या नाक्षत्र वर्षापेक्षा सुमारे साडेतीन मिनिटांनी मोठे आहे. दीड हजार वर्षांत हा फरक साडेतीन दिवसांच्या पुढे जातो. त्याशिवाय अयनचलनामुळे, म्हणजे उत्तरायणारंभाचा बिंदू ताऱ्यांमधून हळूहळू मागे सरकत असल्यामुळे, मकरसंक्रांत खऱ्या उत्तरायणारंभापासून, म्हणजे डिसेंबरच्या २१-२२ तारखेपासून, सरकत जानेवारीच्या मध्यावर आली. एकोणिसाव्या शतकात केरो लक्ष्मण छत्रे यांनी नव्या वेधांवर, म्हणजे आकाशनिरीक्षणांवर, आधारलेले पंचांग काढण्यास आरंभ केला, आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ मध्ये ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ मराठीत लिहून वेदांगज्योतिषापासूनच्या सर्व ग्रंथांची वर्षमाने, भगणसंख्या (युगातील ग्रहांच्या प्रदक्षिणांची संख्या) आणि काळ यांची चिकित्सा केली. दीक्षितांनी सायन, म्हणजे ऋतूंशी जुळणाऱ्या वर्षाच्या, पंचांगाचा पुरस्कार केला. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने नागरी व्यवहारासाठी सायन वर्ष स्वीकारले, आणि २२ मार्च १९५७ हा दिवस १ चैत्र शके १८७९ ठरून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. धार्मिक पंचांगांसाठी समितीने नक्षत्रांचा जुना आधार कायम ठेवून २१ मार्च १९५६ रोजीचा अयनांश, म्हणजे सायन आणि नक्षत्राधारित मोजणीतला फरक, २३ अंश १५ कला निश्चित केला, आणि सण आजही त्या निरयन, म्हणजे नक्षत्रांवर आधारलेल्या, गणितानेच ठरतात.