विंचवाचं बिऱ्हाड पेनड्राइव्हवर

डिस्कवरची मोकळी जागा दहा टक्क्यांच्या खाली गेली, की विंडोज त्या ड्राइव्हची पट्टी लाल करून दाखवतं. मग आपण साफसफाईचं एखादं सॉफ्टवेअर शोधतो आणि ते त्याच गच्च भरलेल्या डिस्कवर इन्स्टॉल करतो. पसारा आवरण्यासाठी घरात आणखी एक कपाट आणावं, तसा हा प्रकार. त्यापेक्षा विंचवासारखं बिऱ्हाड पाठीवर घेऊन येणारं सॉफ्टवेअर बरं. ते पेनड्राइव्हवरूनच चालतं आणि काम झालं की पेनड्राइव्हबरोबर निघून जातं. मागे काहीच खूण राहत नाही, असाही दावा केला जातो. अशा सॉफ्टवेअरला पोर्टेबल म्हणतात. सीक्लीनर आणि ब्लीचबिट या दोन्ही सफाई सॉफ्टवेअरच्या पोर्टेबल आवृत्त्या मिळतात.

एरवी सॉफ्टवेअर इन्स्टॉल होतं म्हणजे ते घरभर पसरतं. त्याच्या फायली एका फोल्डरमध्ये जातात, सेटिंग दुसरीकडे, आणि रजिस्ट्री नावाच्या विंडोजच्या मोठ्या नोंदवहीत त्याच्या नावाच्या कितीतरी ओळी चढतात. विंडोज ९५ च्या आधी बहुतेक सॉफ्टवेअर आपली सेटिंग साध्या मजकुराच्या आयएनआय फायलींत ठेवायची. पोर्टेबल सॉफ्टवेअर पुन्हा त्याच जुन्या वाटेनं जातं. सेटिंगची फाइल ते स्वतःच्याच फोल्डरमध्ये, शेजारी ठेवतं. शिवाय ते पूर्ण पत्ता लक्षात न ठेवता ‘माझ्या शेजारी’ एवढंच लक्षात ठेवतं, कारण तोच पेनड्राइव्ह एका कॉम्प्युटरवर ई ड्राइव्ह असतो, तर दुसऱ्यावर एफ. सीक्लीनरची युक्ती तर फारच साधी आहे. ‘पोर्टेबल’ नावाची एक छोटी डॅट फाइल शेजारी दिसली, की ते रजिस्ट्रीऐवजी आयएनआय फाइल वापरू लागतं.

माझ्या मते या पाहुणेपणाचा सर्वांत मोठा फायदा साफसफाईत नाही, तर चुकून पुसलेली फाइल परत मिळवण्यात आहे. रिसायकल बिनमधूनही फाइल काढून टाकली, तरी ती लगेच नष्ट होत नाही. पुस्तकाच्या अनुक्रमणिकेतून प्रकरणाचं नाव खोडावं, पण पानं तशीच राहावीत, असं काहीसं घडतं. विंडोज साधारण ४ किलोबाइटच्या कप्प्यांत डिस्कची जागा वाटतं. फाइल पुसली की तिचे कप्पे ‘रिकामे’ म्हणून नोंदले जातात, आतला मजकूर मात्र दुसरं काही वर लिहिलं जाईपर्यंत शाबूत असतो. आता घाबरून त्याच डिस्कवर फाइल शोधणारं सॉफ्टवेअर इन्स्टॉल केलं, तर ते नेमकं त्याच कप्प्यांत जाऊन बसू शकतं. म्हणून ते दुसऱ्या कॉम्प्युटरवर पेनड्राइव्हमध्ये उतरवून आणावं. सापडलेली फाइलही पेनड्राइव्हवरच वाचवावी. हे लागू पडतं ते मुख्यतः फिरत्या चकत्यांच्या जुन्या हार्ड डिस्कला. एसएसडीमध्ये, म्हणजे फिरत्या चकत्या नसलेल्या नव्या डिस्कमध्ये, विंडोज ‘ट्रिम’ नावाची सूचना देऊन ‘हे कप्पे आता नको’ असं कळवतं आणि डिस्क ते आतूनच साफ करते. तिथे आशा फारच कमी.

सफाईत नक्की काय जातं? बहुतांशी टेम्पररी फायली, अपडेटचे उरलेसुरले तुकडे आणि ब्राउझरची कॅश. यातली कॅश हा कचरा नव्हे. पुढच्या वेळी पान लवकर उघडावं म्हणून ठेवलेली ती शिदोरी असते. ती फेकली तर जागा होते, पण काही दिवसांत ती पुन्हा साठते आणि मधल्या काळात पानं उलट सावकाश उघडतात. कॅशबरोबर ‘कुकीज’वरही, म्हणजे वेबसाइटने आपल्याला ओळखण्यासाठी ठेवलेल्या छोट्या नोंदींवरही, खूण केली, तर सगळीकडे पासवर्ड नव्याने टाकत बसावं लागतं. रजिस्ट्री साफ करण्याच्या बटणाच्या वाटेला तर जाऊच नये. हजारो नोंदींतल्या शे-दोनशे ओळी काढून वेग वाढत नाही आणि चुकीची एक ओळ गेली तर विंडोज आडवं होऊ शकतं. अशा सफाई साधनांना आपला पाठिंबा नाही, हे मायक्रोसॉफ्टनेही स्पष्ट केलेलं आहे. ‘मोकळी जागा पुसा’ हा पर्यायही एसएसडीवर नको. तो सगळ्या रिकाम्या कप्प्यांवर नव्याने काहीतरी लिहितो. तिच्या कप्प्यांवर मोजक्याच वेळा लिहिता येतं, ते आयुष्य फुकट खर्ची पडतं.

विंचू म्हटला की नांगी आलीच. १५ ऑगस्ट २०१७ ला आलेल्या सीक्लीनरच्या ५.३३ या आवृत्तीत हल्लेखोरांनी आपला कोड घुसवला होता, तोही कंपनीच्याच यंत्रणेत शिरून. त्यामुळे फाइलवर कंपनीची खरी डिजिटल सही होती. सप्टेंबरमध्ये प्रकार उघड झाला तोवर ती आवृत्ती सुमारे २२ लाख ७० हजार कॉम्प्युटरवर पोहोचली होती. उलट दिशेचा धोकाही आहेच. आजारी कॉम्प्युटरला लावलेला पेनड्राइव्ह तिथला व्हायरस घेऊन पुढच्या घरी जातो. २००८ पासून पसरलेल्या कॉन्फिकरने हाच मार्ग वापरला होता. काही पेनड्राइव्हवर लिहिणं बंद करणारी छोटी खिट्टी असते, ती अशा वेळी कामी येते. मात्र खिट्टी लावल्यावर सॉफ्टवेअरला स्वतःची सेटिंगही लिहिता येत नाही आणि काही सॉफ्टवेअर त्यावरून कुरकुर करतात.

आणि ‘मागे काहीच खूण राहत नाही’ हा सुरुवातीचा दावा? तो अर्धाच खरा. ‘स्पर्श झाला की खूण राहतेच’ हे तत्त्व गुन्हेतपासात एडमंड लोकार्ड यांच्या नावाने ओळखलं जातं. १९१० मध्ये त्यांनी फ्रान्समधल्या लियॉंला पोलिसांसाठी प्रयोगशाळा उभारली होती. विंडोजलाही ते लागू पडतं. पेनड्राइव्ह लावताच त्याचा प्रकार आणि बहुधा अनुक्रमांकही रजिस्ट्रीत नोंदला जातो. सॉफ्टवेअर सुरू होताच, पुढच्या वेळी ते लवकर उघडावं म्हणून विंडोज प्रीफेच नावाच्या फोल्डरमध्ये त्याच्या नावाची छोटी फाइल तयार करू शकतं. थोडक्यात, घर झाडायला आलेल्या पाहुण्याचं नाव यजमानाच्या वहीत चढतं, आणि पाहुणा निघून गेल्यावरही ते तिथेच असतं.