ताण देणं वेगळं, आळोखेपिळोखे वेगळे

सकाळी नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर चक्कर मारा. बाकावर टाच टेकवून गुडघ्याला कपाळ लावायची धडपड करणारं कुणी ना कुणी दिसेलच. कंबर धरलीय म्हणून ही खटपट. तिथेच एखादं कुत्रं झोपेतून उठतं, पुढचे पाय लांबवतं, कंबर खोल दाबतं आणि सावकाश सैल सोडून चालायला लागतं. आपण दोन्हींना सरसकट ‘स्ट्रेचिंग’ म्हणतो, आणि इथेच घोळ होतो.

ताण देताना स्नायू बाहेरून ओढला जातो, हाताने नाहीतर अंगाच्या वजनाने. स्नायूच्या आत त्याची लांबी टिपणारे बारीक संवेदक असतात. झटका बसला की ते मज्जारज्जूला खबर देतात आणि स्नायू उलट आखडतो. म्हणजे हिसके देणारे काका आपल्याच कंबरेशी रस्सीखेच खेळत असतात! हळूहळू दिलेला ताण मात्र वाईट नाही. ब्रह्मगिरीची फेरी करून आल्यावर मांड्यांना तो बराही वाटतो.

आळोखेपिळोख्यांत आखडलेला स्नायू आधी आपणच थोडा आवळायचा आणि मग अगदी हळू सोडायचा. अमेरिकेतले तत्त्वज्ञ थॉमस हॅना यांनी १९७६ मध्ये ‘सोमॅटिक्स’ (शरीर आतून जाणवून हालचाल सुधारणं) हे नाव रूढ केलं, त्यांच्या पद्धतीचा गाभा हाच. त्यांच्या मते सवयीने आखडलेला स्नायू सोडायचा कसा, हेच मेंदू विसरतो. दिंडोरीकडे द्राक्षाच्या मांडवाखाली दिवसभर हात वर करून काम करणाऱ्यांना हे सांगावं लागणार नाही. संध्याकाळी घरी आले तरी कंबरेची कमान तशीच.

करून बघायचं तर जमिनीवर चटई टाका. पलंगावर गादी दबते, काही कळत नाही. उताणे झोपून गुडघे उभे करा. श्वास घेत कंबरेखाली जेमतेम बोटं सरकतील एवढी कमान करा. श्वास सोडत, मनात आठ मोजत, कंबर चटईला टेकू द्या. पाच-सहा वेळा पुरे. मग एका बाजूचा खुबा बरगडीकडे किंचित ओढा आणि तितक्याच संथपणे सोडा, नंतर दुसरा. सगळी करामत सोडण्यात आहे. घाई केलीत तर हाही साधा व्यायामच होतो.

कळ पायात उतरत असेल, बधीरपणा असेल, तर हे दोन्ही प्रकार बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा. लघवीवरचा ताबा सुटत असेल तर त्याच दिवशी.