राउटरला टाचणी टोचू नका

नेट गेलं की राउटरमागच्या बारीक भोकात टाचणी खुपसायची, हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे. त्या भोकातलं रिसेटचं बटण साधारण १० सेकंद दाबलं की राउटर कारखान्यातून आला तसा कोरा होतो. वायफायचं नाव, पासवर्ड तर जातातच. बऱ्याच घरी नेटवाल्याने भरून दिलेलं पीपीपीओई युजरनेमही, म्हणजे नेट जोडायला राउटर वापरतो ते लॉगिन, पुसलं जातं. मग त्याचा माणूस येईपर्यंत नेट बंदच.

आधी दिवे बघा. ‘एलओएस’चा, म्हणजे सिग्नल तुटल्याचा, दिवा लाल लुकलुकतोय? म्हणजे फायबरमधून प्रकाशच पोचत नाहीये, बहुतेक वायर कुठेतरी तुटली किंवा दुमडली आहे. अशा वेळी तक्रारच नोंदवा. लाल नसेल तर प्लग काढा, अर्धा मिनिट थांबा, परत लावा. त्याने सेटिंग्ज पुसली जात नाहीत.